उपदेशकाच्या वह्या : आधी समास वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुनं घर उतरवताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत खापरपणजोबांच्या तीन वह्या निघाल्या. ते नगरच्या (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनात गावोगाव फिरणारे उपदेशक होते, एवढंच घरात ठाऊक. दोन वह्या बहुतेक मोडीत, तिसरी बाळबोध (देवनागरी), साल कुठे धड लिहिलेलं नाही. वह्या किती जुन्या असतील, मोडी कोणाकडून वाचून घ्यावी, उपदेशांचं पुस्तक काढता येईल का, असं तुम्ही विचारलंत. आणि जाता जाता, "पानं लॅमिनेट करून घेऊ का?"

तिथूनच सुरुवात करतो. करू नका. उद्या सकाळी कोणी ओळखीचा फुकटात करून देतो म्हणाला तरी नाही. एका कुटुंबाने मायेपोटी अख्खी वही झेरॉक्सच्या दुकानात नेऊन प्लॅस्टिकमध्ये बंद केली होती; मी पाहिली तेव्हा शाईने कागद आतल्या आत खाल्ला होता, अक्षरांच्या जागी अक्षरांच्या आकाराची भोकं होती, आणि प्लॅस्टिक सोडवायला गेलं की उरलेला कागद त्यालाच चिकटून येत होता. सेलोटेप, फेव्हिकॉल, रबरबँड, डांबराच्या गोळ्या हेही तसंच. ऊन दाखवायचं नाही. ओल आली असेल तर पंख्याखाली, सावलीत, पानं न उलटता वाळू द्यायची. धूळ मऊ ब्रशने शिवणीकडून बाहेर झटकायची. मग धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळून आडव्या ठेवा. पूर्वी दप्तरं लाल खारव्यात बांधत, पण दमट हवेत त्या कापडाचा रंग उतरतो, म्हणून कोरं कापड बरं. कसर किंवा वाळवी दिसली तर घरच्या घरी औषध फवारू नका, वही वेगळी काढून ठेवा आणि जाणत्याला दाखवा.

दुसरी गोष्ट माझ्याच चुकीतून सांगतो. या कामात नवा होतो तेव्हा अशाच एका वहीतून चाळीसेक सुटी पानं निघाली. मी मोठ्या हुशारीने ती बायबलच्या क्रमाने लावली: उत्पत्ती आधी, मग स्तोत्रं, मग मत्तय, मार्क. दोन दिवस खपलो. दोन वर्षांनी त्याच वहीच्या मधल्या पानांवर दौऱ्याची एक यादी वाचली, तेव्हा लक्षात आलं की ती सुटी पानं म्हणजे एकेका फेरीसाठी बांधलेल्या शिदोऱ्या होत्या. कोणता उपदेश कोणत्या फेरीत सोबत नेला, हे ती कुठे खोचली होती यावरूनच कळलं असतं, आणि तो पुरावा मी स्वतःच्या हातांनी मोडून टाकला होता. म्हणून काहीही हलवण्याआधी फोटो घ्या. साधा मोबाइल चालेल, खिडकीचा उजेड हवा, फ्लॅश नको. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत प्रत्येक पान घ्या, कोरंसुद्धा. सुटा कागद जिथे असेल तिथेच ठेवून आधी एक फोटो, मग तो उचलून दुसरा. क्रमांक घालायचेच तर मऊ पेन्सिलीने, खालच्या कोपऱ्यात, बारीक.

आता वय. एका खुणेवर विसंबू नका, चारपाच खुणा एकमेकींना दुजोरा देतात का ते बघा. कागदापासून सुरुवात करा. पान उजेडासमोर धरल्यावर आडव्या बारीक रेघांची जाळी दिसली, कागद जाड आणि थोडा असमान असला, तर तो हातकागद: आपल्याकडे जुन्नरचा, दौलताबादचा किंवा अहमदाबादचा. गुळगुळीत, निळसर छटेचा असेल तर विलायती असण्याची शक्यता जास्त. मग त्यात पाणछाप, म्हणजे उजेडासमोर धरल्यावर दिसणारी कारखान्याची खूण, शोधा. इंग्लंडात १७९४ नंतर कागदात साल छापण्याची चाल पडली होती, त्यामुळे कधीकधी थेट वर्षच हाती लागतं. ते मात्र कागद बनला त्याचं वर्ष. तो जहाजाने मुंबईला आला, दुकानात पडून राहिला, बैलगाडीने घाट चढला आणि मग उपदेशकाच्या हाती पडला, त्यामुळे लिखाण त्यानंतरचं, कधी बरंच नंतरचं. पान तपकिरी पडून कडेने बिस्किटासारखं तुटत असेल तर तो लाकडाच्या लगद्याचा कागद आहे आणि वही साधारण १८७०–८० च्या पुढची धरायला हरकत नाही.

शाई. काळीभोर, किंचित चमक असलेली, अजून ताजी वाटणारी असेल तर ती काजळाची. ती उडत नाही, पण पाण्याने विरघळते. ओलं बोट लावून बघायचा मोह आवरा. तपकिरी झालेली, पानाच्या मागच्या बाजूला उमटलेली शाई हिरडा आणि हिराकसाची. कागद खाते ती हीच. जांभळी दिसली तर सावध व्हा: कृत्रिम जांभळा रंग १८५६ मध्ये पहिल्यांदा बनला, त्यामुळे लिखाण बहुधा त्यानंतरचं. साधी पेन्सिल वाटावी पण थेंब पडला तिथे जांभळं झालेलं असेल, तर ती कॉपिंग पेन्सिल, म्हणजे आणखी पुढचा काळ. बोरूचा फराटा एका दिशेला जाड नि दुसरीला बारीक असा ठरावीक येतो. पोलादी निबेच्या खाली टोचल्याच्या दोन समांतर रेघा भिंगातून दिसतात.

साल लिहिलेलं नाही असं तुम्ही म्हणता, पण ते तुम्ही इसवी सन शोधत असल्यामुळेही असेल. मिशनच्या कामात इसवी चाले, तरी ज्याचं बालपण चावडी-पाटील-कुलकर्ण्यांच्या कागदांत गेलं तो सवयीने फसली (महसुली सन) किंवा शक लिहून जातो. शकात ७८ मिळवा (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९), दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१, सुहूर सनात (जुन्या मराठी दप्तरांतला सन) ५९९ किंवा ६००. शके १७९२, फसली १२८० आणि सुहूर १२७१ हे तिन्ही १८७०-७१ च्या आसपास येतात. फसली मृगात बदलतो हे विसरलात तर एक वर्ष इकडेतिकडे होणारच.

आणि नुसती तारीख असली, साल नसलं, तर वार लावून बघा. हा खेळ मला फार आवडतो. रविवारी उपदेशक बहुधा मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, उपासनेत असतो, इतर दिवशी बाजारात, चावडीवर, जत्रेत. समजा एका पानावर "ता. ४, ११, १८, २५ डिसेंबर" अशा चार नोंदी ओळीने आहेत आणि सगळ्या मंडळीतल्या आहेत, तर या चारही तारखा रविवारी आलेला तो डिसेंबर आहे. १८७० चा डिसेंबर तसा आहे, २५ तारखेला नाताळ रविवारी आला होता. असे डिसेंबर साधारण पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी येतात, त्यामुळे कागद-शाईने काळ थोडा आवळला असला की एक-दोनच साल उरतात.

पण खरा आधार गाण्यांत मिळतो. नगरच्या मिशनात ख्रिस्ती कीर्तन रुजवणाऱ्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचं नाव अग्रक्रमाने घेतात. तुमच्या वहीत नमन, पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी, ओवी अशी रचना दिसली तर ती उपदेशाची टिपणं नव्हेत, कीर्तनाची संहिता आहे, आणि ती वेगळी धरायला हवी. पदाच्या वर "चाल" लिहिलेली असते, तीच कळीची. चाल शाकुंतलातल्या पदाची असेल तर पान १८८० नंतरचं, कारण किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्यात रंगभूमीवर आलं. सौभद्रातल्या पदाची असेल तर १८८२ नंतरचं. ना. वा. टिळकांचं एखादं भक्तिगीत उतरवून घेतलेलं असेल तर १८९५ च्या पुढचं, कारण त्यांचा बाप्तिस्मा त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईत झाला आणि ख्रिस्ती गीतं त्यानंतरची. तुमचे खापरपणजोबा नाटकाची चाल लावून प्रभूचं गाणं म्हणत होते असं निघालं तर घरातल्या वडीलधाऱ्यांना धक्का बसू देऊ नका. त्या काळात चाल सर्वांची होती.

नगरला आगगाडी आली ती दौंड–मनमाड रस्त्याने, १८७८ मध्ये. त्याआधीच्या फेऱ्यांत बैलगाडी, तट्टू, पायपीट. त्यानंतर "गाडीभाडे" हा शब्द दुहेरी होतो. हेही लक्षात असू द्या.

मोडीबद्दल. मोडी वाचणारे मिळतात. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, राज्याच्या पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग, तिथून शिकून बाहेर पडलेले बरेच जण आहेत. पण त्यांतले बहुतेक पेशवाई आणि महसुली कागदांवर तयार झालेले असतात. "मौजे", "कसबे", "बितपशील" ते झोपेतही वाचतील, आणि "प्रायश्चित्त", "पवित्र आत्मा", "करिंथकरांस" इथे अडखळतील. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द तोडलेले नसतात, आधी पानभर रेघ मारून मग तिला अक्षरं लटकवलेली असतात. ओळखीचा शब्दसाठा नसेल तर तज्ज्ञही चाचपडतो. म्हणून वाचकासोबत मंडळीतलं जुन्या वळणाचं कोणी माणूस बसवा. एकाला लिपी येते, दुसऱ्याला मजकूर येतो. माझं निम्मं काम अशा जोड्यांनीच केलंय.

आणि तुम्हाला स्वतःला मोडी शिकायची असेल तर या वह्यांसारखा पाठ दुसरा नाही, कारण त्यांत उत्तरपत्रिका आतच आहे. पानाच्या डोक्यावर "योह. ३.१६" किंवा "लूक १५" असा आकडा सापडला की खाली ते वचन लिहिलेलं असण्याची दाट शक्यता. छापील मराठी बायबलात ते काढा आणि अक्षर अक्षर जुळवत जा. दहा वचनं जुळली की खापरपणजोबांचा "क" कसा, "र" कुठे गुंडाळला, "ख्रिस्त" ते किती आखडून लिहितात, याचा तक्ता तयार होतो. हा तक्ता त्यांच्याच हाताचा, म्हणून पुस्तकातल्या मोडीच्या तक्त्यापेक्षा दसपट उपयोगी. फक्त आवृत्ती जुनी घ्या. अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार १८२६ मध्ये निघाला, संपूर्ण बायबल १८४७ मध्ये, आणि पुढे दुरुस्त्या होत गेल्या. आजचं बायबल घेऊन बसलात तर शब्द जुळणार नाहीत आणि आपल्याला मोडी येत नाही असं तुम्हाला वाटेल. उलट, वचनाचे शब्द कोणत्या आवृत्तीशी जुळतात हीही वयाची एक खूण. मात्र हे लोक पुष्कळदा तोंडपाठ वचन लिहीत; एखादा शब्द इकडचा तिकडे झाला म्हणून लगेच नवी आवृत्ती शोधायला धावू नका. अडलेल्या जुन्या शब्दांना मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती. त्या काळचं मराठी त्यात जसं आहे तसं दुसरीकडे क्वचितच सापडतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, कारण पुस्तकाचा प्रश्न त्यावर ठरतो.

फिरत्या उपदेशकाची वही हा उपदेशांचा संग्रह नसतो. सुताराच्या थैलीसारखी ती कामाची वस्तू आहे. आत पूर्ण लिहिलेला उपदेश क्वचित. बहुधा नुसता सांगाडा: वर वचन, खाली तीन-चार मुद्दे, एखाद्या दृष्टांताचा एकच शब्द ("हरवलेली शेळी", "सावकार", "विहिरीचा दोर") आणि शेवटी बोध. बाकी सगळं तोंडात. मुंबई इलाख्यातल्या माणसाचीच ही रीत होती असं नाही. इंग्लंडात चार्ल्स सिमियन या पाळकांनी असे अडीच हजारांवर सांगाडे एकवीस खंडांत छापले होते, इतरांनी बघून उपदेश करावा म्हणून. त्यामुळे एखादा सांगाडा वाचून "हे खापरपणजोबांचे विचार" असं म्हणायची घाई नको. तो मिशनरी साहेबाने सांगितलेला असेल, 'ज्ञानोदया'तल्या लेखावरून उतरवलेला असेल (हे पत्र नगरलाच १८४२ मध्ये सुरू झालं), किंवा १८७८ मध्ये मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांनी नगरला काढलेल्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात फळ्यावरून घेतलेला. फार सुबक, एक-दोन-तीन आणि त्यात अ-ब-क असे मुद्दे असतील तर मी आधी विद्यालयाचाच संशय घेतो.

मग त्यांचं स्वतःचं काय? समास, म्हणजे पानाच्या कडेची मोकळी जागा.

मी पाहिलेल्या एका वहीतलं एक पान अजून डोळ्यांपुढे आहे. वर बाळबोधीत वचन, यशया १:१८, पापं लाखेसारखी लाल असली तरी बर्फासारखी पांढरी होतील, किरमिजी असली तरी लोकरीसारखी होतील या अर्थाचं. खाली मोडीत चार मुद्दे, काळ्या शाईत. पहिल्या मुद्द्यात "बर्फ" शब्द होता, तो नंतर तपकिरी शाईने खोडलेला. कोणी कधी बर्फ पाहिलाय, असं पारनेर-नेवाशाकडच्या बाजारात विचारलं असेल आणि लोक गप्प राहिले असतील, असा माझा कयास. वर बारीक अक्षरांत "गारा?" लिहून तेही खोडलं. गार पिकं झोडपते, तिच्यात क्षमेचं काय दिसणार? शेवटी दुसऱ्या अर्ध्या वचनातल्या "लोकर" शब्दाखाली दुहेरी रेघ, आणि बाजूला एकच शब्द: "धनगर". तिथून पुढे सगळा उपदेश लोकरीवर फिरला होता: कातरणं, धुणं, पिंजणं. बर्फाचं नाव पुन्हा नाही. चार मुद्दे कुणाकडून घेतले होते कोण जाणे, पण ती खोडाखोड त्यांचीच.

आणि त्या पानाच्या डाव्या समासात, वरून खाली, वेगवेगळ्या शाईंत गावांची नावं. प्रत्येकापुढे एक आडवी खूण, काहींपुढे दोन. एक सांगाडा इतक्या गावांत सांगितला गेला होता. बेंजामिन फ्रँकलिनने अमेरिकेत जॉर्ज व्हाइटफील्ड या फिरत्या उपदेशकाला ऐकलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं होतं की नवा रचलेला उपदेश कोणता आणि फेरीत पुन्हापुन्हा घासून गुळगुळीत झालेला कोणता, हे कानाला लगेच कळतं, आणि ही सोय एकाच ठिकाणी बसलेल्या पाळकाला नाही. इंग्लंडातले फिरते उपदेशक जॉन वेस्ली यांनी तर कोणत्या दिवशी, कुठे, कोणत्या वचनावर बोललो याची वेगळी नोंदवहीच ठेवली होती. दख्खनच्या उपदेशकाने तेच काम समासात केलं. म्हणून म्हणतो, तुमच्या वह्या वाचायला घ्याल तेव्हा मजकूर दुसऱ्यांदा वाचा. पहिल्यांदा फक्त समास वाचा. गावं, खुणा, शाईचे बदल, "ऐकले", "हसले", "पाटील रागावला" असे एखाददुसरे शब्द. ते वेगळ्या कागदावर एकाखाली एक उतरवा आणि जिल्ह्याच्या नकाशावर टाका. दोन-तीन महिन्यांत तुमच्यासमोर फेऱ्या उभ्या राहतील. पाऊस ओसरल्यावर, कार्तिकानंतर, गावं दाट होतात. पावसाळ्यात यादी थांबते आणि पानं भरभरून लिहिलेली दिसतात, कारण माणूस घरी बसून पुढच्या फेरीची तयारी करतोय. सगळीकडे हेच ठरलेलं आहे असं नाही, पण रस्ते आणि नद्या पाहिल्या तर दुसरं होणार कसं?

ही फेरी हलकी नव्हती. याच मिशनचे पहिल्या पिढीतले गॉर्डन हॉल, १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले, १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात वाटेतच पटकीने (कॉलऱ्याने) गेले. १८३१ च्या डिसेंबरात नगरला ठाणं पडलं आणि काही महिन्यांतच तिथल्या पहिल्या तिघांतले हर्वी पटकीनेच वारले. १८५४-५५ मध्ये बोस्टनहून मिशनचे सचिव रुफस अँडरसन येऊन गेल्यावर इंग्रजी शाळांवरचा भर कमी झाला आणि खेड्यांत मराठीतून प्रचार व देशी पाळक यांच्याकडे वळला. तुमचे खापरपणजोबा बहुधा या वळणानंतरच्या पिढीतले. नगरच्या मंडळीत हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे ब्राह्मण ख्रिस्ती पाळक होते, पण खेडोपाडी मंडळ्या वाढल्या त्या मुख्यतः महार आणि मांग वस्तीत. समासातल्या गावापुढे "चावडी" आहे की "वाडा" (महारवाडा, मांगवाडा) आहे याला म्हणूनच फार अर्थ आहे. एकाच गावात दोन दिवस, दोन ठिकाणी, एकच वचन: ते का, हे कोणाला समजावून सांगायला नको.

मागची पानं फाडून टाकू नका. वही उलटी करून शेवटापासून हिशेब लिहायची सवय सर्रास होती. ज्वारी, तेल, गाडीभाडं, क्विनीन, विकलेल्या पुस्तिकांचे पैसे, शाळेतल्या पोरांची हजेरी. इथे अपूर्णांक जपून वाचा. "१॥" म्हणजे दीड, अकरा किंवा एकशे अकरा नव्हे. उभी दांडी म्हणजे पाव. एका हौशी वाचकाने "१॥ कोस" चे "११ कोस" केले आणि मग हा माणूस दिवसाला इतका चालत होता म्हणून कौतुकाचा लेख लिहिला. लेख चांगला होता, दुर्दैवाने. पुस्तिकांच्या हिशेबातून ते उपदेशक होते, शाळामास्तर होते की पुस्तकं विकत फिरणारे होते, की तिन्ही, हेही कळेल. तिन्ही असण्याचीच शक्यता जास्त.

पडताळ्यासाठी. बोस्टनच्या मूळ मिशन बोर्डाचे कागद हार्वर्डच्या हौटन ग्रंथालयात आहेत. त्यांचं 'मिशनरी हेरल्ड' मासिक आणि अमेरिकन मराठी मिशनचे वार्षिक अहवाल बऱ्यापैकी स्कॅन होऊन फुकट वाचता येतात. त्यांत देशी कामकऱ्यांची नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये इतकी मोडलेली असतात की नावाने शोधून सापडणार नाहीत. गावाने शोधा. समासातली गावं आणि अहवालातली ठाणी जुळली, की तिथल्या माणसांच्या यादीत बघा. बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या संग्रहातही मिशनांचे कागद आहेत. आणि तुमच्या मूळ मंडळीच्या बाप्तिस्मा, विवाह, दफन या नोंदवह्या. १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली, त्यात बऱ्याच जुन्या मंडळ्या गेल्या आणि दप्तरं इकडची तिकडे झाली. पाळकांना नम्रपणे विचारा, आणि एकदा नाही म्हणाले तर नाताळानंतर पुन्हा विचारा.

आता पुस्तक. उपदेश सलग छापून "उपदेशसंग्रह" काढू नका, निदान आधी नको. सांगाड्यांना तुम्ही मांस चढवाल, ते छान होईल, आणि ते तुमचं होईल. त्याऐवजी एक वही घ्या आणि ती जशी आहे तशी छापा: डाव्या पानावर फोटो, उजव्या पानावर बाळबोध लिप्यंतर, खोडलेलं खोडलेलं दाखवून, समास समासाच्या जागी. शुद्धलेखन सुधारू नका. "येशु ख्रीस्त" असं असेल तर तसंच. सोबत फेऱ्यांचा नकाशा आणि हिशेबाची पानं. शंभर प्रती पुष्कळ झाल्या.

छापण्याआधी दोन गोष्टी नीट बघा. त्या काळचा उपदेशक मूर्तिपूजेवर, पंढरीच्या वारीवर, भटजींवर बोलताना हात आखडता घेत नसे, समोरचेही घेत नसत. ते तसंच ठेवा, पण प्रस्तावनेत संदर्भ द्या. दुसरं नाजूक: मंडळीच्या शिस्तीच्या नोंदी. अमक्याने दारू प्यायली, अमकीचं लग्न मोडलं, अमका पुन्हा जातीत गेला. त्यांची नातवंडं-पणतवंडं आज त्याच गावात आहेत, कदाचित तुमच्याच मंडळीत. ती नावं छापू नका, मूळ वहीत मात्र एक अक्षरही झाकू नका.

वह्या घरीच ठेवायच्या असतील तर ठेवा, पण फोटोंची एक प्रत एखाद्या संग्रहाकडे द्या. आधी मात्र मला तिन्ही वह्यांच्या आतल्या मुखपृष्ठांचे आणि कुठल्याही एका भरगच्च समासाच्या पानाचे फोटो पाठवा. पान पूर्ण घ्या, मजकुरापुरतं कापून नको. आणि ट्रंक टाकली नसेल तर तिच्या तळाला अंथरलेला कागद काढून बघा. तो बहुधा जुन्या 'ज्ञानोदया'चा अंक असतो, त्याच्यावर तारीख छापलेली असते.